अनुभव धागा : ठाणे स्टेशन, तुम्ही कुठल्या प्लॅटफॉर्मचे?

मसुंदा (धागाकर्ता)

१६ एप्रिल आला की दरवर्षी तेच फॉरवर्ड फिरायला लागतं. १८५३ साल, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, ४०० पाहुणे, साहिब-सिंध-सुलतान ही तीन इंजिनं, २१ तोफांची सलामी. आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलंय, ठाण्याच्या शाळांत तर जरा जास्तच. पण एक गोष्ट त्यात कधी नसते. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी निघालेली ती गाडी ठाण्याला येऊन थांबली कारण पुढे रूळच नव्हते, पाहुण्यांचं खाणंपिणं इथेच तंबूत झालं. म्हणजे ठाणे हे शेवटचं स्टेशन होतं, इथून बसणाऱ्याला गाडी रिकामी मिळणार हे नक्की. हे सुख वर्षभर टिकलं. १ मे १८५४ ला खाडीपलीकडे गाडी कल्याणला पोचली आणि त्या दिवसापासून ठाणेकराची जी अडचण सुरू झाली ती आजपर्यंत चालू आहे, गाडी मागूनच भरून येते :)

तर इतिहास पुरे, आता तुमचं सांगा. माहीत नसलेल्यांसाठी, पश्चिमेला १ नंबर आणि पूर्वेला, म्हणजे कोपरीच्या बाजूला, १०. ५ आणि ६ फास्ट, ७-८ ला लांबच्या गाड्या, ९-१० वाशी-पनवेल. कुठे उभे राहता, कुठल्या डब्यात चढता, स्टेशनवर काय मिळायचं काय बंद झालं, काय नवीन आलं, सगळं चालेल. ईस्टवाल्यांनी पण लिहा, नाहीतर मागाहून म्हणाल आम्हाला कोणी विचारत नाही.

वागळेवाला

आम्ही उलट्या दिशेचे. सत्तरच्या दशकात सकाळी मुंबईकडून ठाण्याला येणाऱ्या गाड्याही भरून यायच्या हे आताच्या पोरांना सांगून पटत नाही. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ नंतरची. परळ लालबागला राहणारे, मिलमध्ये न चिकटलेले आमच्यासारखे टर्नर फिटर सगळे इकडे यायचे. पहिली पाळी ७ ची. ठाण्याला उतरलं की स्टेशनबाहेर एसटीच्या लाल गाड्या, कारण टीएमटी आली १९८९ ला, त्याच्या आधी शहरातली बससुद्धा एसटीच चालवायची. बस भरली की कंडक्टर डबल बेल देऊन मोकळा, मग राहिलेले आम्ही चालत निघायचो, हातात डबा, तोंडात बिडी, आणि घड्याळाकडे बघत, कारण गेटवर कार्ड लाल छापलं की अर्ध्या दिवसाचा पगार गेला.

१९७४ चा रेल्वेचा संप आठवतो, ८ मे ला सुरू झाला तो जवळजवळ तीन आठवडे. ट्रक मिळेल तर ट्रक, नाहीतर सायनपर्यंत बस आणि पुढे देवाचं नाव. माझा मेहुणा रेल्वेत गँगमन होता, तो घरी बसलेला आणि मी त्याच्याच रेल्वेवाचून अडलेला, जेवताना दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो. बहीण मधल्या मधे.

आता ते कारखाने बहुतेक गेले, त्या जागी काचेच्या बिल्डिंगी आल्या आणि ठाण्याचीच माणसं सकाळी बाहेर जायला लागली. मी मात्र रिटायर होऊन ठाण्यातच घर घेतलं.

खिडकीवाली

धागा बघून राहवलं नाही. मी ठाणे लोकलची, म्हणजे इथूनच सुटणारी, कल्याणहून येणाऱ्या फास्टच्या वाटेला आयुष्यात गेले नाही. लोक म्हणतात स्लोने वीस मिनिटं जास्त जातात, जाऊदेत, बसून जातात ना.

पण ठाणे लोकलमध्ये बसायला मिळतं हा पण गैरसमज आहे. ती गाडी रिकामी येत नाही. भांडुप मुलुंडच्या बायका उलट्या येऊन ठाण्यापर्यंत बसून राहतात, त्याला रिटर्न मारणं म्हणतात, आणि आपण इथे उभ्या असतो तेव्हा त्या आत आरामात खिडकीला टेकून आपल्याकडे बघत असतात. मग उरलेल्या जागांसाठी युद्ध. गाडी प्लॅटफॉर्मला लागायच्या आधी तयारी बघण्यासारखी असते, पर्स पुढे पोटावर, ओढणीला गाठ, मोबाईल आत, मंगळसूत्र ब्लाउजमध्ये, ज्यांची चप्पल सैल त्या बोटं आवळून उभ्या. गाडी अजून चालतेय आणि पहिल्या तिघी आत. त्यातली एक स्वतः बसते, समोर पर्स, शेजारी डबा, आणि पलीकडच्या सीटवर रुमाल. रुमालावर बसायची हिंमत नवीन बाईच करते, तिला सगळा डबा दादरपर्यंत ऐकवतो.

उशिरा चढलीस तर "कुठे उतरणार?" विचारत फिरायचं. घाटकोपरवाली सापडली तर तिच्यासमोर उभं राहायचं, पण आधी विचारायचं की तुमची सीट कोणाला दिलीय का, कारण तिने मुलुंडलाच कोणाला तरी शब्द दिलेला असतो.

आमच्या डब्यात मटार सोलले गेलेत, मेथी निवडली गेलीय, संक्रांतीचं हळदीकुंकू झालंय, एकीचं डोहाळजेवण झालंय, तेव्हा तर हिरव्या बांगड्या गाडीतल्याच बांगडीवाल्या मावशीकडून भरल्या आणि तिने पैसे घेतले नाहीत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूचं तोरण, डब्याची पूजा, मोटरमनला पेढे. नोकरी सुटली तरी त्या ग्रुपवर अजून रोज सकाळी "८:१० आली का" मेसेज येतो आणि मला चैन पडत नाही.

तिरकस

१८५३ च्या गाडीला बोरीबंदर ते ठाणे ५७ मिनिटं लागली म्हणे. आजच्या स्लो लोकलला साधारण तासच लागतो. प्रगती बघा.

मसुंदा

@तिरकस कुठे ५७ मिनिटं लिहिलेलं असतं कुठे सव्वा तास. आणि ती गाडी सायनला पाणी भरायला थांबली बस्स, विद्याविहार नाहूर कांजूर तिला नव्हते.

तिरकस

आणि तिघांच्या बाकावर चौथी सीटपण नव्हती.

कारशेड

मी कळव्याचा. कळवा म्हणजे ठाण्याच्या पुढचंच स्टेशन, मधे फक्त खाडी, पण सकाळी कळव्याला गाडीत चढणं म्हणजे काय ते कळवेकरालाच विचारा. कल्याण डोंबिवली दिव्याहून गाडी अशी येते की दारातली माणसं खाली उतरायलाच तयार नसतात, उतरलं तर परत चढता येणार नाही ना. म्हणून आमच्याकडे वर्षानुवर्षं एक वेगळीच पद्धत, कळव्याला कारशेड आहे, म्हणजे लोकल उभ्या करायची जागा, तिथून ठाण्याला लागणारी रिकामी गाडी निघते, तिच्यातच चढायचं.

ज्यांनी केलं नाही त्यांना सांगतो. तिथे प्लॅटफॉर्म नाही. जमिनीवरून बघितलं तर डब्याचं दार डोक्याच्या वर वाटतं. दाराखाली लोखंडी पायरी असते, पहिली पायरी गुडघ्याच्या वर येते, दोन्ही हातांनी दांडे धरून अंग वर खेचायचं, वर आधीच चढलेला कोणीतरी मनगट धरतो आणि खेचतो. साडीतल्या बायका, साठीचे काका, सगळे. बॅग आधी वर फेकायची, वरचा ती आपोआप रॅकवर ठेवतो, कोणाची बॅग कोणाला लागली असं कधी झालं नाही. खडीवरून चालताना पाय मुरगळतो, पावसात तर विचारूच नका. हे बेकायदेशीर आहे आणि धोक्याचंही, माहितीय. माझ्या बायकोने मला शपथ घातलेली होती, पण ती स्वतःही तिथूनच चढायची, पुढच्या डब्यात.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये इथेच एसी लोकल अडवली होती लोकांनी. बाहेरच्यांना वाटलं एसीला विरोध का करतात हे लोक, अरे बाबा एसीला नाही, साध्या गाडीच्या जागी एसी लावली की साध्या पासवाल्याची एक गाडी गेली, आणि एसीची दारं बंद होतात म्हणजे कारशेडमधून चढायचा प्रश्नच संपला.

पारसिक

लहानपणी डोंबिवलीला आजोळी जायचो. आई मुद्दाम फास्ट पकडायची ते फक्त बोगद्यासाठी, कारण स्लो गाडी मुंब्र्याकडून खाडीच्या कडेने डोंगराला वळसा घालते आणि फास्ट सरळ डोंगरातून. पारसिकचा बोगदा १९१६ चा, साधारण १३०० मीटर लांब. ठाणे सुटलं, खाडीचा पूल धडधडला, कळवा न थांबता गेलं की डब्यातली सगळी पोरं दाराकडे सरकायची, आणि अंधार झाला रे झाला की जी किंकाळी उठायची! अनोळखी पोरं, वेगवेगळ्या डब्यातली, सगळी एकदम ओरडणार. मोठी माणसं कानावर हात ठेवून हसायची. बोगद्यात वारा एकदम गार लागायचा, ओल्या दगडाचा वास, आणि डब्यातले दिवे पिवळे होते तेव्हा. बाहेर पडल्यावर डोळे मिचकावत सगळे गप्प, जणू काही झालंच नाही.

माझ्या मुलीला नेलं दाखवायला, तर गाडी बोगद्यात शिरलीच नाही. २०२२ ला ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइन पूर्ण झाली तेव्हापासून फास्ट लोकल पण मुंब्र्याकडूनच जातात, बोगदा लांबच्या गाड्यांना दिला. काम चांगलंच झालं, मेल गाडीसाठी लोकल रखडवायचे ते कमी झालं. पण ठाणे डोंबिवली करणारी आताची पोरं ओरडत कुठे असतील?

दिवा_ठाणे_दिवा

@पारसिक तुम्हाला बोगदा आठवतो, आम्हाला वळण. मुंब्र्याचं ते वळण दारात लटकून जाणाऱ्याला माहीत आहे, गाडी एका अंगाला कलते आणि शेजारच्या रुळावरची गाडी हाताच्या अंतरावर येते. ९ जून २०२५ ला त्याच वळणावर दोन गाड्यांच्या दारांतली माणसं पडली, जीव गेले. त्यानंतर साध्या लोकलला आपोआप बंद होणारी दारं लावायची घोषणा झाली. दार बंद करायला आधी दारातली माणसं आत मावली पाहिजेत हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

कोळ्याची नात

आमचा चेंदणी कोळीवाडा. रूळ आमच्या वाड्यातूनच गेले, म्हणून अर्धे नातेवाईक वेस्टला अर्धे ईस्टला. आजी सांगायची की तिच्या सासूच्या वेळी लोक हळदीचं ताट घेऊन सरळ रूळ ओलांडून जायचे, गाडी दिसली की थांबायचं.

आजी ससून डॉकला जायची मासळी घ्यायला. पहाटेची पहिली गाडी, जाताना रिकामी टोपली, येताना भरलेली. मालडब्यातून. मालडबा म्हणजे आत बाकडी नाहीत, कडेने फळी, मधे सगळा माल. भाजीच्या गोण्या, दुधाचे कॅन, पेपरचे गठ्ठे, डबेवाल्यांच्या लांब पाट्या, आणि आमच्या बायकांच्या टोपल्या. बर्फाचं पाणी गळून डब्याची जमीन कायम ओली. सूटबूटवाला चुकून त्या डब्यात शिरला की आजी म्हणायची, "ये रं बाला, बस, वास नाय चावत." तो पुढच्या स्टेशनला पळायचा.

तिचा एक नियम होता, ठाण्याला उतरताना टोपली दुसऱ्याने उचलून डोक्यावर द्यायची असते, आणि जो देईल त्याला ओळख असो नसो बोंबील ठरलेला. एका टीसीला तिने असे बोंबील दिले होते आणि तो शाकाहारी निघाला, तरी नेले त्याने, शेजाऱ्याला देतो म्हणून.

तिरकस

कोळ्याची नात, तुमचा प्रतिसाद वाचून भूक लागली. धाग्याला खाण्याचं कलम जोडा रे.

खवैय्या ठाणे वेस्ट

जोडलं. स्टेशनातून बाहेर पडून कुंजविहारचा जंबो वडापाव, तो खाल्ल्यावर संध्याकाळचं जेवण नको. मिसळीसाठी मामलेदार, पण ते स्टेशनपासून जरा चालायला लागतं आणि तिखट सोसत असेल तरच. प्लॅटफॉर्मवर पूर्वी मोठ्या काचेच्या पिंपात लिंबू सरबत आणि काला खट्टा असायचा, उन्हाळ्यात ग्लासभर प्यायलं की दुपार निभायची. २०१९ ला कुर्ल्याच्या एका स्टॉलवर सरबत कसं बनवतात त्याचा व्हिडिओ फिरला आणि सेंट्रलवर उघडी सरबतं बंद झाली. व्हिडिओ मी पण बघितला. तरीही आठवण येते, काय करणार.

वाशीलाइन

९-१० वाले कुठे गेले सगळे? मीच लिहितो.

२००४ च्या आधी ठाण्याहून नवी मुंबईला जायचं म्हणजे बस, कळवा, विटावा, आणि विटाव्याला रेल्वेच्या पुलाखाली जरा पाऊस झाला की पाणी. ऐरोलीला ऑफिस असलेल्या माणसाला पावसाळ्यात रोज नवीन कारण सांगावं लागायचं नाही, "विटावा" म्हटलं की मॅनेजर समजायचा. नोव्हेंबर २००४ ला वाशीची गाडी सुरू झाली. सुरुवातीला गाड्या इतक्या रिकाम्या की ऐरोलीपर्यंत आडवं पडून जाता यायचं, लोक म्हणायचे कोण जाणार या लाइनने. मग घणसोली महापेला कंपन्या आल्या आणि आता बघा.

सकाळी पावणेनऊला पुलावर उभं राहून बघण्यासारखं असतं. कल्याणहून आलेली फास्ट ६ ला लागते, सगळा लोंढा जिना चढतो आणि ९-१० कडे वळतो, त्याच वेळी पनवेलहून आलेला लोंढा उलटा ५-६ कडे निघालेला असतो. पुलाच्या मधोमध दोन्ही भिडतात. कोणी थांबत नाही, कोणी बघत नाही, सगळे खांदा तिरका करून पार होतात. इंडिकेटरवर एक मिनिट उरलेलं दिसलं की मागून "चला चला चला", आणि जिना उतरताना गाडीचा हॉर्न. १० ला एक बरं आहे, गाडीच्या पलीकडच्या बाजूला १० ए आहे, दोन्हीकडून चढता उतरता येतं, नाहीतर तिथे काय झालं असतं देव जाणे.

यावर खरा उपाय कळवा-ऐरोली उन्नत मार्ग. तो झाला की कल्याणकडच्यांना नवी मुंबईला जायला ठाण्याला उतरायची गरजच नाही. त्यातलं दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ ला सुरू झालं. उन्नत मार्गाची वाट बघतोय. तोपर्यंत खांदा तिरका.

बीप

मला दिसत नाही, जन्मापासून. हा प्रतिसाद फोनला बोलून लिहितोय, चुका चालवून घ्या.

ठाणे स्टेशन मला पायांनी आणि कानांनी पाठ आहे. आमचा दिव्यांगांचा डबा प्लॅटफॉर्मवर जिथे येतो तिथे वर एक बीप वाजत असतो, टिक टिक टिक असा, बारीक. तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलाय? ऐकलाच नसेल, तुम्हाला गरज नाही. पण गर्दीच्या वेळी अनाउन्समेंट, फेरीवाले, शेजारच्या रुळावरची गाडी, या सगळ्यातून तो बीप शोधायचा असतो. पंखा मोठ्याने वाजत असेल तर मी पंख्यापासून पावलं टाकून पोचतो. बीप बंद असला तर सरळ कोणालातरी विचारतो, आणि ठाण्यात एक आहे, विचारल्यावर माणूस तोंडी सांगत नाही, हात धरून नेऊन सोडतो. हात धरताना मात्र माझा दंड पकडून ओढतात. तसं नको. तुमचा कोपर मला धरू द्या आणि पुढे चाला, मी येतो मागे. हे एवढं वाचून लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ.

दुसरी अडचण म्हणजे आमच्या डब्यात धडधाकट लोक. टीसी आला की सगळे एकदम लंगडायला लागतात. मला दिसत नाही, पण ऐकू येतं ना, चढताना धावत चढला होतास ते.

खिडकीवाली

@बीप "एकदम लंगडायला लागतात" :D आणि कोपराचं लक्षात ठेवते. बीप उद्या कान देऊन ऐकणार.

गणपतीला गावी

७ नंबर. रात्रीची कोकणकन्या. कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण सुरू झाली तेव्हापासून आमचं गणपतीचं गणित ठाणे स्टेशनशी बांधलेलं, कारण आम्ही घोडबंदरचे, सीएसएमटीला उलटं कोण जाणार. पण मूळचं दुखणं तेच जे धागाकर्त्याने वर लिहिलंय, गाडी मागून भरून येते. फरक इतकाच की सकाळी ती कल्याणहून भरून येते आणि गणपतीत मुंबईहून.

जनरल डबा ठाण्याला लागतो तेव्हा दार आतून बंद. बाहेर आम्ही पन्नास जण, पोरं, बॅगा, मखराचे थर्माकोलचे तुकडे. आतले झोपल्याचं सोंग घेतात. मग बोलणी सुरू, आधी विनंती, मग शिव्या, मग मालवणीत शिव्या, आणि मालवणी ऐकल्यावर आतून कोणीतरी विचारतो "खंयचे तुमी?" गाव सांगितलं, त्याच्या आत्याचं गाव निघालं, दार उघडलं. आम्ही आत. आणि पनवेल आलं की दार आम्हीच आतून धरून बसलेले.

एकदा माझ्या भाच्याला खिडकीतून आत दिला होता, आणीबाणीच्या खिडकीतून, ती मोठी असते. आम्हाला दाराने चढायला वेळ लागला तोपर्यंत एका आजींनी त्याला मांडीवर घेऊन अर्धा लाडू भरवला होता. उतरताना तो त्यांना सोडायला तयार नव्हता.

पुलाखाली

२०२४ चा त्रेसष्ट तासांचा ब्लॉक कोणी लिहिला नाही अजून? ३१ मे ते २ जून. फास्टचा ५-६ हा एकच प्लॅटफॉर्म, एका अंगाला कल्याणची गाडी दुसऱ्या अंगाला मुंबईची, दोन्ही एकदम आल्या की मधे उभं राहायला जागा नव्हती, माणसं पिवळ्या रेषेच्या पलीकडे. ५ चा रूळच सरकवून प्लॅटफॉर्म रुंद केला, तयार सिमेंटचे ब्लॉक आणून बसवले. नऊशेच्या वर लोकल फेऱ्या रद्द होत्या त्या तीन दिवसांत, सगळ्यांनी नावं ठेवली. सोमवारी मी गेलो, दोन-तीन मीटरच वाढलाय पण फरक कळतो. दोन गाड्यांच्या मधे शांतपणे उभा राहू शकलो. काम झालं की कौतुक पण करावं माणसाने.

वॉर्ड नंबर सांगत नाही

मी सरकारी हॉस्पिटलात परिचारिका. मार्च २०२० ला लोकल बंद झाल्या, जूनच्या मध्यावर अत्यावश्यक वाल्यांसाठी सुरू केल्या. तोपर्यंत बसने, तीन तीन तास. पहिल्या दिवशी ठाण्याला गेले तर एकच गेट उघडं, आयकार्ड दाखवून आत. मला आयुष्यात पहिल्यांदा ठाण्याचा प्लॅटफॉर्म या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसला, मी समजत होते तो सपाट आहे, चक्क उतार आहे. गाडीत एका सीटवर एक. खिडकी मिळाली तर आनंद व्हायला हवा होता, पण मी सवयीने दारापाशीच उभी राहिले. नंतर ऑगस्ट २०२१ ला दोन डोसवाल्यांना पास मिळायला लागले आणि गर्दी परत आली. पहिल्यांदा कोणाचा तरी डबा पाठीत टोचला तेव्हा मी चक्क हसले, ती बाई घाबरून सॉरी म्हणाली.

क्वार्टर्ली

तिकिटाबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. ठाण्याची तिकीट खिडकीची रांग ही आमच्या कॉलेजच्या काळातली मोठी संस्था होती, कन्सेशनचा फॉर्म भरून, शिक्का मारून, रांगेत उभं राहून, आणि खिडकीजवळ पोचल्यावर "चहापाण्याची वेळ" पाटी. मग कूपन आली, ती छोट्या मशिनमध्ये घालून छापायची, पावसाळ्यात ओली झाली की अडकायची. आता मोबाइलवर. पण सगळ्यात भारी म्हणजे एटीव्हीएमजवळ, म्हणजे तिकिटाच्या मशिनजवळ, उभे असलेले रिटायर्ड रेल्वेवाले काका. रेल्वेनेच नेमलेले, स्वतःच्या स्मार्टकार्डाने तिकीट काढून देतात, त्यांना थोडं कमिशन मिळतं. स्क्रीनकडे बघत पण नाहीत. "पनवेल दोन रिटर्न" म्हणेपर्यंत तिकीट हातात, सुट्टे पैसे पण तयार. आम्ही त्याच मशिनवर स्वतः काढायला गेलो की तीनदा मागे जातो.

कोपरीकर

आलो, आलो. ईस्टवाल्यांनी लिहा म्हणालात म्हणून.

आमच्याकडे सॅटिस नाही, म्हणजे होतंय, खांब उभे आहेत, होईल. वेस्टला तो वरचा डेक २००९-१० च्या सुमारास झाला, बस वर रिक्षा खाली, तेव्हापासून वेस्टवाले जिन्याने उतरून सरळ बसमध्ये. आम्ही चालत. पण खरं सांगू का, कोपरीला राहण्याची मजाच ती, दहा मिनिटांत घरी, रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं नाही, वेस्टचे मित्र घोडबंदरला पोचेपर्यंत आमचं जेवण होऊन भांडी घासून झालेली असतात. वाशी लाइन तर आमच्या दारात. स्टेशनाचं तोंड वेस्टला आहे म्हणतात, असूदे, पाठीलाही खिडकी असते.

नवीन_बदलापूर

नमस्कार, धागा पूर्ण वाचला. सोमवारपासून रबाळेला जॉइन होतेय, बदलापूरहून येणार, ठाण्याला बदलून. लेडीज डब्यातून उतरून ९-१० ला कसं जायचं? गुगलवर बघितलं पण कळलं नाही.

वाशीलाइन

फास्टने आलीस तर ६ ला उतरशील. पुलावर चढल्यावर नुसतं लोकांच्या मागे जाऊ नकोस, बरेच जण सॅटिसला जातात. तू कोपरीच्या बाजूला वळ. कुठल्या गाडीत चढतेस त्याचा बोर्ड मात्र बघ, वाशी, नेरूळ, पनवेल काहीही चालेल, रबाळे सगळ्यांना आहे.

खिडकीवाली

आणि पास बदलापूर-रबाळे व्हाया ठाणे एकच निघतो, दोन काढू नकोस. ओढणी असेल तर गाठ मार.